परसबागेतील कळलावी : हिवाळ्यातील जोपासना

श्रावण-भाद्रपदात कुंपणाच्या काट्यांतून वर चढून अग्निज्वाळेसारखी फुले उमलविणारी कळलावी विदर्भातील रानवाटांना नवी नाही. उमलताना हिरवट-पिवळ्या असणाऱ्या तिच्या पाकळ्या पुढे नारिंगी आणि अखेरीस लाल होतात. पानांच्या टोकांचेच तणावे बनतात आणि त्यांच्या विळख्याने वेल आधार धरते. कोकणात तिला ‘गौरीचे हात’ म्हणतात. तमिळनाडूचे ती राज्यपुष्प आहे, तर दूरच्या झिंबाब्वेने तिला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे. संस्कृतातील तिचे ‘लांगली’ हे नाव मात्र शेतकऱ्याला अधिक जवळचे वाटावे. लांगल म्हणजे नांगर, आणि हिचा कंद नांगरासारखाच दुभंगलेला असतो.

अशी ही वेल परसात लावण्यास अनेक घरे कचरतात. कळलावी दारी आली की घरात कळ लागते, भांडणे होतात, असा समज आहे. वास्तविक या नावाचा संबंध प्रसूतीच्या कळांशी जोडला जातो. कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावण्याची जुनी रीत होती. ही रीत अत्यंत धोक्याची असून तिचा अवलंब कोणीही करू नये.

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे येथे किंवा मोताळा तालुक्यातील इतर गावांत ही वेल जोपासायची तर कोणती काळजी घ्यावी? थंड देशांत पहिला बर्फ पडण्यापूर्वी कंद उकरून घरात न्यावे लागतात. आपल्याकडे पौषातली रात्र कितीही बोचरी असली तरी जमीन गोठत नाही. कंदाला मारते ती थंडी नव्हे, ओल. आश्विन-कार्तिकात पाने पिवळी पडून वेल वाळते, तेव्हा ती मेली असे समजून काहीजण कंद फेकून देतात, तर काहीजण ती जगावी म्हणून दुप्पट पाणी घालतात. दोहोंचा परिणाम एकच होतो. खेड्यातील फुलझाडे बहुधा मोरीच्या सांडपाण्यावर वाढतात. सोनटक्क्याला ते मानवते. परंतु विश्रांती घेणाऱ्या कळलावीचा कंद त्या ओलीत महिनाभरात कुजू शकतो. काळ्या जमिनीचा दोष निराळाच. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मोरीपासून दूर, माती, मुरूम, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचा उंच वाफा करावा, अथवा तळाला भोक असलेली खोल कुंडी घ्यावी.

वेल पिवळी पडू लागताच पाणी तोडावे आणि जागेवर खुणेची काडी रोवावी. कुंडीतील कंद कोरड्या मातीत तसाच राहू द्यावा. कुंडी फक्त अवकाळी पावसापासून दूर, वळचणीखाली सरकवावी. वाफ्यातील कंद काढणे भाग असेल तर वेल पूर्ण वाळल्यावर एक वीतभर अंतरावरून माती हलकेच उकरावी. येथे घाई नडते. बटाट्याला अनेक डोळे असतात. या कंदाच्या प्रत्येक फाट्याला मात्र टोकाशीच कोंब येतो आणि ते टोक मोडले की फाटा निरुपयोगी ठरतो. रानातील कंद उकरून आणणे गैर ठरते ते याचमुळे : एका वर्षात एकाचे फार तर दोन होतात, आणि बियांपासून फूल येण्यास तीन-चार वर्षे लागतात. रोप किंवा कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा. काढलेले कंद सावलीत सुकवून कोरड्या वाळूत, गाडग्यात ठेवावेत. निशिगंधाचे आणि मे महिन्यात फुलणाऱ्या गोल लाल ‘मे फ्लॉवर’चे कंदही असेच कोरडे राखता येतात.

मात्र हे गाडगे स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये. आयुर्वेदाने कळलावीची गणना उपविषांत केली आहे. कंद आणि बिया यांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. त्यापासून वातरक्तावरील औषध बनते आणि त्यासाठीच तमिळनाडूतील शेतकरी बियांकरिता तिची लागवड करतात. पण तेच द्रव्य अल्प प्रमाणातही जीव घेऊ शकते. रताळी किंवा अन्य कंदमूळ समजून ते शिजविले तरी विष नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि कंदाचा तुकडा डॉक्टरांना दाखवावा. गाडग्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून ते कुलपात ठेवावे, हाताळल्यावर हात धुवावेत. शेळ्यांनाही वेलीपासून दूर राखावे. लहान मुले रांगत असतील त्या घराने ही हौस चार वर्षे पुढे ढकलावी, हेच बरे.

ज्येष्ठात कोंब फुगलेला दिसू लागतो. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की कंद दोन-तीन बोटे खोल आडवा ठेवून मातीने झाकावा. आधारासाठी पऱ्हाट्या किंवा तुराट्या आधीच रोवाव्यात. नंतर रोवताना त्या नेमक्या कंदात घुसतात.