भाड्याच्या घरात अंजीर

आपल्या बागेच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. घर भाड्याचं, ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, मग फळझाड कशाला लावायचं? माझं उत्तर आहे, अंजीर लावा.

कारण अंजीर बी पेरून नाही, फांदीपासून लावतात. पेन्सिलपेक्षा थोडी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली पक्की फांदी घ्यायची. याला फाटे कलम म्हणतात. निम्मी मातीत, निम्मी वर. सावलीत ठेवा, माती नुसती ओलसर राहू द्या. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. सासवडचं आमचं आजोळचं घर विकलं तेव्हा अंगणातलं झाड तिथंच राहिलं, पण मामाने आधीच चार फाटे कापून दिले. दोन जगले, आता माझ्या गॅलरीत आहेत. आणि हे त्या झाडाचं पिल्लू नाही बरं का, अक्षरशः क्लोन आहे!

सासवड म्हणजे पुरंदर तालुका. तिथल्या अंजिराला 2016 मध्ये जीआय मिळालाय. तिथं लावतात ती जात 'पुना अंजीर'. रील्समध्ये ऐकलं असेल की प्रत्येक अंजिरात मेलेली माशी असते. पुना अंजिराला परागीभवन लागतच नाही, त्यामुळे माशीचा प्रश्न येत नाही. रोप घेताना हीच जात मागा.

आता कुंडी. अठरा-वीस इंची घ्या, खाली भोकं हवीतच. पाणी साचलं की मुळं कुजतात. रोज सहा तास तरी थेट ऊन पाहिजे. उत्तरेची गॅलरी असेल तर नुसती पानं मिळतील.

सगळ्यात महत्त्वाचं, छाटणीला घाबरू नका. फळ नव्या फुटीवर येतं. पावसाळा संपला की फांद्या छाटा, नवी फूट येईल आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी फळं येतील. हाच मीठा बहार. पावसाळी फळ म्हणजे खट्टा बहार, ते कमी गोड. दमट हवेत पानांवर तांबेरा पडतो, तसली पानं काढून टाका. आणि छाटताना हातमोजे घाला, चीक अंगाला खाजतो.

फळ मऊ होऊन मान टाकेपर्यंत तोडू नका. तोडल्यावर अंजीर गोड होत नाही, म्हणून तर विकतच्यात ती चव नसते. बुलबुल मात्र तुमच्या आधी येतात, तेव्हा जाळी लावा.

आणि घर बदलताना कुंडी टेम्पोत मावली नाही, तर दोन फाटे कापून बॅगेत टाका. एखादा घरमालकालाही द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!