इशारा कुणापर्यंत?

मैत्रिणींनो, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या जवळपास तिप्पट बायका गेल्या, असे ऑक्सफॅमने २००५ मध्ये नोंदवले. पुरुष होड्या घेऊन खोल पाण्यात होते, तिथे लाट फारशी जाणवत नाही. बायका मासळी उतरवून घ्यायला किनाऱ्यावर उभ्या होत्या. जवळच्या पुदुच्चेरीतल्या नल्लवाडूची माणसे वाचली. सिंगापूरहून फोन आला आणि गावच्या माहिती केंद्राच्या भोंग्यावरून तो सगळ्यांना ऐकू गेला.

२००७ पासून हैदराबादचे केंद्र भूकंपमापक आणि समुद्रतळावरचे दाबमापक यांवरून इशारा देते. ते हवेच! पण इशारा होडीमालकाच्या मोबाइलवरच अडकला, तर आपल्या कोकणात खडकावर कालवे काढणारीला कोण सांगणार? बंदराबंदरावर भोंगा मागू या. त्या खोलीची किल्ली बायकांकडेही हवी.