तोंड वाकडे झाले तर
(माहूर येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज कापूस वेचणाऱ्या माणसाबद्दल बोलू.

सकाळी चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळते. एक डोळा मिटत नाही. हसताना तोंड एकीकडे ओढले जाते. कानामागे दुखते, चव बिघडते. आपण म्हणतो, वारं लागलं! आणि तेल चोळत चार दिवस घालवतो.

चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. ती सुजली की तिथेच दाबली जाते आणि पाइपात पाणी अडावे तसा मेंदूचा हुकूम अडतो. चार्ल्स बेल यांनी १८२१ साली या नसेवर लिहिले, म्हणून हा आजार बेल्स पाल्सी. सूज उतरवणारी गोळी डॉक्टरांकडून ७२ तासांच्या आत सुरू व्हावी. साखरेचा आजार असेल तर आधी सांगावे. उघडा डोळा धुळीपासून जपावा, रात्री पट्टी लावून मिटावा. बहुतेक माणसे काही आठवड्यांत, महिन्यांत बरी होतात.

पण कपाळाला आठ्या पडतात आणि तोंड तेवढे वाकडे, हातपाय लुळा, बोबडी वळली, तर तो पक्षाघात समजा. शंका असली तरी तेच समजा. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि इथून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे आहे.

बोंडअळी दिसली तर आपण चार दिवस थांबतो का? रेणुकामातेला नवस जरूर बोला. पण दवाखान्याची पायरी आधी चढा.