कुंपणावरचा धोतरा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



"तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी सांग," असं आयोजकांनी कळवलं होतं. पण सॉफ्टवेअरवर बोलू लागले तर जेवणाची वेळ व्हायच्या आतच निम्मा हॉल रिकामा होईल. म्हणून सगळ्यांच्या ओळखीच्या एका झाडाविषयी बोलते. शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून उगवायचा तो धोतरा. कर्ण्यासारखी फुलं, काटेरी बोंडं. महाशिवरात्रीला आपण ती तोडायचो आणि बाई ओरडायच्या, "आधी हात धुवा!" बाईंचं अगदी बरोबर होतं.

धोतऱ्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलमीन ही द्रव्यं असतात. ती पोटात गेली की माणसाला भास होतात, आणि हे भास आहेत हे त्याला कळत नाही. समोर नसलेल्या माणसाशी तो गप्पा मारतो. नंतर विचारलं तर काही आठवत नाही. १६७६ साली अमेरिकेतल्या जेम्सटाउनमध्ये इंग्रज सैनिकांनी धोतऱ्याच्या पानांची भाजी खाल्ली आणि अकरा दिवस वेड्यासारखे वागले. आपल्याकडे ठग वाटसरूंना हेच खिलवून लुटायचे.

हे होतं कसं? आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निरोप्याचं काम करतं. लाळ सोड, घाम आण, बाहुली आकुंचित कर, ठोके मंद कर, असे निरोप ते पोचवतं. मेंदूत आठवण आणि भान सांभाळण्यातही त्याचा हात असतो. ॲट्रोपीन त्याच्या कुलपात जाऊन बसतं. फिरत मात्र नाही. खरी किल्ली बाहेर ताटकळते. मग तोंड कोरडं, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या आणि डोकं भलतीकडेच.

आता माझ्या मामाची गोष्ट. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामा कपाशीवर फवारणी करत होता, वारा तोंडावर. संध्याकाळी त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, कपडे घामाने ओले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत नुसती घरघर. ही कीटकनाशकं ॲसिटिलकोलीनला साफ करणारं विकरच बंद पाडतात. निरोप साचत जातात, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

दवाखान्यात त्याला दर काही मिनिटांनी ॲट्रोपीनचं इंजेक्शन देत होते. छाती मोकळी झाली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या दिवशी पाहतो तर मामा लालबुंद, अंगात ताप, आणि दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी वेचतोय. बोटं चिमटीत धरायची, ओढायचं, कमरेच्या ओटीत टाकायचं. तो कापूस वेचत होता! मामीने दृष्ट काढली. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "औषध थोडं जास्त झालंय, कमी करू." दुसऱ्या दिवशी त्याने चहा मागितला.

मी आता रुग्णालयांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. डॉक्टरांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त औषध लिहिलं की पडद्यावर लाल सूचना येते, ते काम आमचं. हृदयाचे ठोके मंदावले तर ॲट्रोपीन एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत देतात. फवारणीच्या विषबाधेत मात्र छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत न्यायची असते. कधी कधी पहिल्या तासातच ती नेहमीच्या कित्येक पट होते. अशा वेळी 'मात्रा जास्त आहे' म्हणत अडवणारं सॉफ्टवेअर माणूस मारेल. म्हणून विषबाधेसाठी वेगळी वाट ठेवावी लागते, असा आग्रह मी बैठकीत धरला. तिथल्या कोणी शेतात फवारणी पाहिलेली नव्हती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मला ती बैठक आठवली.

औषध म्हणून धोतरा जुना आहे. १८०४ साली जपानमध्ये हानाओका सेइशू या शल्यवैद्याने धोतरा आणि बचनागाच्या जातीची वनस्पती घातलेला काढा देऊन एका स्त्रीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. बोस्टनचा ईथर त्यानंतर ४२ वर्षांनी आला. काढ्याच्या प्रयोगांत त्याच्या बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात.

दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याची पद्धत १८०२च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेली आणि पुढे दम्याच्या सिगारेटी निघाल्या. दम मोकळा व्हायचा, पण डोकंही फिरायचं. मग रसायनशास्त्रज्ञांनी काय केलं, तर ॲट्रोपीनच्या रेणूला कायमचा विद्युतभार चिकटवला. भार असलेला रेणू मेंदूच्या पडद्यातून सहजी आत जात नाही. झालं इप्राट्रोपियम. दमेकऱ्यांच्या नेब्युलायझरमध्ये आज तेच असतं. इंजिनिअर म्हणून मला याचा हेवा वाटतो: एवढासा बदल, आणि वेड तेवढं दाराबाहेर.

तुमच्यापैकी कितीजणांच्या मुलांना चष्मा आहे? हात वर करू नका, कळलं! ॲट्रोपीनचे अगदी पातळ थेंब मुलांचा वाढता ऱ्हस्वदृष्टीचा नंबर मंदावतात, असं सिंगापूर आणि हाँगकाँगच्या अभ्यासांत दिसलं. आपल्याकडचे नेत्रतज्ज्ञही ते देतात. स्कोपोलमीनची पट्टी कानामागे लावली की बोट लागत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत स्कोपोलमीनने नैराश्य काही दिवसांतच उतरलं. मोठी आशा निर्माण झाली. पण नंतरच्या चाचणीत तसं दिसलं नाही. मी तरी अजून त्यावर विसंबणार नाही.

आणि हे ऐकून कोणी घरी बिया वाटू नका. एका झाडातलं द्रव्य दुसऱ्या झाडाइतकं नसतं, एकाच झाडाच्या पानात आणि बीत वेगळं असतं. अंदाज चालतच नाही. मुलाने बी खाल्लं असं वाटलं, तोंड सुकलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर उलटी करवत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि बोंड किंवा फांदी पिशवीत घालून सोबत न्या. धोतऱ्यावरही उतारा आहे: फायसोस्टिग्मीन. आफ्रिकेतल्या एका विषारी बीतून तो निघाला, आणि कीटकनाशकं जे विकर बंद पाडतात, तेच तोही काही काळ बंद पाडतो.