मुगावरची भुरी आणि पिकाचें वय
(शेतकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



मुगाउडदाच्या पानांवर राख उधळल्यासारखें पांढरें पडलें कीं कोणी म्हणतो धुई आली, कोणी म्हणतो दृष्ट लागली. दृष्टबिष्ट कांहीं नाहीं. ती भुरी, म्हणजे एक बुरशी. ती पानावर पसरून आंतला रस ओढते आणि तिची पूड वाऱ्याबरोबर शेजारच्या वावरांत जाते. जोराचा पाऊस तिला धुऊन काढतो; पाऊस उघडून रात्री गार पडूं लागल्या कीं ती फैलावते.

माझीच फजिती सांगतों. एके सालीं अर्धें वावर पेरून झालें आणि बैल आजारी पडला. राहिलेलें अर्धें तीन आठवड्यांनीं पेरलें. पोळ्याच्या सुमारास पाऊस उघडला आणि दोन्हींकडे एकाच आठवड्यांत भुरी दिसली. आधींच्या मुगाच्या शेंगा काळ्या पडत होत्या. पानें पांढरीं झालीं तरी दाणा भरून चुकला होता. मागचा मूग नुकता फुलावर. त्याचीं फुलें गळालीं, ज्या शेंगा धरल्या त्या पोचट. रोग तोच, जमीन तीच, फरक वयाचा! आणि मीं गंधक मारलें कोणावर? जास्त पांढऱ्या दिसणाऱ्या, म्हणजे काढणीला आलेल्या मुगावर. मागच्याच्या वांट्याला कांहीं उरलें नाहीं.

एका झाडावरही हाच प्रकार. भुरी आधीं बुडच्या जून पानांवर बसते, शेंड्याच्या कोंवळ्या पानांवर मागाहून. म्हणून बांधावरून शेंडे पाहून घरीं परतूं नका. पेरून महिना झाला, फूल लागायला आलें, कीं वाकून बुडचीं पानें चाळा. ठिपके दिसले आणि पीक फुलावर किंवा कोंवळ्या शेंगेवर असलें, तर पाण्यांत मिसळणारें गंधक 10 लिटर पाण्यास 25 ग्रॅम घेऊन फवारा. शेंगा पिकूं लागल्या असतील तर तो पैसा वांचवा. कडक उन्हांत फवारूं नका, पानें करपतात.

मूग सुमारें 65 दिवसांचा. वाफसा येतांच जूनअखेर पेरला तर भुरी यायच्या आंत बहुतेक हातीं लागतो. राहुरीचा वैभव, बदनापूरचा बीपीएमआर 145 हे वाण भुरीला सहसा दाद देत नाहींत. ज्याची पेरणी लांबते त्यानें तरी तेच घ्यावे. तुरीची गोष्ट निराळी, ती पुढच्या सभेंत सांगेन.