नोंद गोळ्यांची, वेदनेची नाही



अमेरिकेत ओपिऑइड वेदनाशामकांच्या अतिसेवनाने लाखो माणसं गेली. तिथली राज्यं अशा औषधांच्या नोंदी ठेवतात. मेडिकलवाल्याने असं औषध दिलं की ते राज्याच्या डेटाबेसमध्ये चढतं आणि पुढची चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टर ते पाहतात. केंटकीने २०१२ मध्ये हे पाहणं सक्तीचं केलं. त्याचा फायदा खरा आहे. ओपिऑइडसोबत झोपेच्या काही गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो; तो धोका वेळीच कळतो.

पण सिकलसेलचा रुग्ण घ्या. तिथे हे रुग्ण बहुतेक कृष्णवर्णीय. कळा सुरू झाल्या की मिळेल त्या दवाखान्यात धावावं लागतं. स्क्रीनवर दिसतात ते अनेक डॉक्टर, अनेक चिठ्ठ्या. व्यसनी माणसाची नोंदही अशीच दिसते. मग निवाडा डॉक्टरच्या मनातला समज करतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात, गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना ‘काळ्यांची कातडी जाड असते’ यासारखा एखादा तरी खोटा समज खरा वाटत होता.

विदर्भात सिकलसेल आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये आहे. आपल्याही आरोग्यनोंदी आता डिजिटल होत आहेत. घरातले पहिले पदवीधर म्हणून दवाखान्याचे कागद तुम्हीच वाचता. तेव्हा हेही विचारा: आमच्या माणसाबद्दल काय लिहिलंय, ते कोण वाचतं, आणि चुकलं असेल तर दुरुस्त कोण करणार?