वीतभर माती, घरभर आधार



उन्हाळा लागला, रब्बीची रानं मोकळी झाली, की वीटभट्टीसाठी माती मागायला लोक गावात येतात. पैसे रोख मिळतात. मुलांची फी, दवाखाना, सोसायटीचं कर्ज डोळ्यांपुढं असतं. मग घरात बोलणं होतं, "वरची थोडी माती तर जाणार, रान कुठं जातंय?" यंदा आमच्या गटातल्या दोघींच्या घरी अशी बोलणी चालू होती. बैठकीत विषय निघाला आणि आम्ही माती नेमकी काय काय करते ते समजून घ्यायला बसलो. तेच आज तुम्हाला सांगतो आहोत.

आपली काळी माती काळ्या पाषाणाची लेक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारस पसरला, त्याचा पाषाण झाला. तो ऊनपावसानं झिजून माती झाली. बोटाच्या पेराएवढा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. जेसीबी तो एका दिवसात उचलतो.

शेणखत, पालापाचोळा, मुळं कुजून जो कस तयार होतो, तो बहुतेक वरच्या वीतभर थरातच असतो. चमचाभर चांगल्या मातीत अब्जावधी जिवाणू असतात. हरभऱ्याचं रोप हलक्या हातानं उपटून बघा. मुळांवरची गाठ फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर समजा तिथले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देताहेत, तोही फुकट. गांडूळ माती भुसभुशीत करतं, त्यामुळे पाणी मुरतं. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषधसुद्धा १९४३ मध्ये मातीतल्याच एका जिवाणूपासून मिळालं.

काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून मंगळवेढ्याकडं पाऊस सरताना ज्वारी पेरतात आणि ती नुसत्या ओलीवर येते. माती गेली की ओल गेली. ओल गेली की ज्वारी गेली, कडबा गेला. कडबा नाही तर दावणीला जनावर कसं ठेवायचं? मग दूध नाही, शेणखतही नाही.

आता हिशेब बघा. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. अर्धा फूट माती काढली, तर २१,७८० घनफूट, म्हणजे जवळजवळ २१८ ब्रास माती गेली. ती परत आणायची तर ट्रॉलीचं भाडं किती, मजुरी किती? हा आकडा मिळणाऱ्या पैशांच्या शेजारी लिहा आणि घरात सगळ्यांना दाखवा. सातबारावर नाव कुणाचंही असो, त्या रानात आपण राबतो. मातीच्या व्यवहारात आपलंही मत घेतलं पाहिजे.

आमच्याकडं एका घरी हा हिशेब पटला. फीसाठी गटातून कर्ज दिलं आणि बोलणी थांबली. दुसऱ्या घरी अर्ध्या एकराची माती गेलीच. दवाखान्याची नड मोठी होती, आम्ही तिला बोल लावला नाही. त्या रानात यंदा ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडायचं ठरलंय, बियाणं गट देणार आहे. कस परत यायला पुष्कळ वर्षं लागतील, पण सुरुवात तर करायलाच हवी.

घर बांधायला विटा लागतात, हे आम्हालाही कळतं. पण त्यासाठी पिकाचं रान खरवडू नये, एवढंच आमचं म्हणणं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीआधी तीन कामं करा. पहिलं, पाचट, धसकटं जाळू नका, कुजवा. दुसरं, मातीचं एक वाळलेलं ढेकूळ बांधावरून आणि एक रानातून आणा. दोन्ही अलगद पाण्याच्या ग्लासात सोडा. जे लगेच विरघळून पाणी गढूळ करेल, त्या मातीला सेंद्रिय खताची गरज आहे. तिसरं, माती तपासून घ्या. रानात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती काढा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका. सगळी मिसळून अर्धा किलो द्या. अहवालात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल, तर शेणखत, कंपोस्ट वाढवा.

अहवाल बैठकीला घेऊन या, एकत्र बसून वाचू.